आत्मविश्वास परत येईपर्यंत फोन थांबवायचे का?

एका उद्योजिकेचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून ते इथे थोडक्यात देते आहे.

"वय ३८. बारा वर्षं नोकरी केल्यावर एका जुन्या सहकाऱ्याबरोबर कंपनी काढली. छोट्या दवाखान्यांना रुग्णांच्या वेळा आणि नोंदी सांभाळण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सॉफ्टवेअर मी बघते आणि ग्राहकांशी बोलणंही माझ्याकडेच आहे. हिशेब आणि माणसं भागीदार सांभाळतो. पहिल्या वर्षी मला स्वतःवर काडीचाही विश्वास नव्हता. त्या भीतीपोटी मी चौदा-चौदा तास काम करायचे, दर आठवड्याला प्रत्येक दवाखान्याला फोन करायचे. जम बसला. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा वाटलं, आपल्याला हे येतं, आणि मी सैलावले. आठ महिन्यांपूर्वी आमचा सर्वांत मोठा ग्राहक आम्हाला सोडून गेला. तेव्हापासून आत्मविश्वास पार गेला आहे. नव्या दवाखान्याचा नंबर लावते आणि पहिली रिंग जायच्या आत बंद करते. गेल्या महिन्यात एकही नवा फोन झाला नाही. नुसतं बसवत नव्हतं म्हणून लॉगिनचं पान चार वेळा नव्याने केलं. भागीदार म्हणतो, 'आत्मविश्वास ठेव, सगळं नीट होईल.' विश्वास नव्हता तेव्हा मी राबले, विश्वास आला तेव्हा आळशी झाले, आणि आता विश्वास नाही तर हातच चालत नाहीत. मग उद्योजकाला आत्मविश्वास हवा तरी किती? आणि तो परत येईपर्यंत मी करू काय? कधी कधी वाटतं, कंपनी बंद करावी. यातलं बरंचसं मी भागीदाराला सांगितलेलं नाही."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. लॉगिनचं पान चार वेळा केलं, हे तुम्ही जाता जाता सांगून टाकलं आहे. मला मात्र तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच दिसलं. हात चालत नाहीत, असं तुम्ही म्हणता. पण एक पान चार वेळा मोडून पुन्हा उभं करायला किती तास बसावं लागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणजे मेहनत झाली आहे. जे काम जमेल याची खात्री होती तिथे ती गेली, आणि जिथे नकार ऐकावा लागला असता तिथून तिने पाय काढून घेतला.

आत्मविश्वास जास्त तर मेहनत जास्त, तो कमी तर मेहनत कमी, असा सरळ हिशेब आपण मनात धरून चालतो. तुमचा गोंधळ या हिशेबाने झाला आहे, कारण तुमची चार वर्षं त्यात बसत नाहीत. माझ्या पाहण्यात आत्मविश्वास मेहनत किती होणार हे ठरवतोच, पण ती कुठे होणार हे त्याहून जास्त ठरवतो. धंदा स्वतःचा असला की हे फार महागात पडतं. आज अमुकच काम कर, असं सांगायला वर कुणी नसतं. काम टाळलं तरी दिवस भरलेला असतो.

हे मी स्वतः केलेलं आहे. काही वर्षं मी एक छोटी प्रशिक्षण संस्था चालवत होते. एका मोठ्या प्रस्तावाला नकार आल्यानंतर चार माणसांना फोन करायचे राहिले होते. त्यांची नावं लिहिलेला पिवळा कागद टेबलावर होता. रोज सकाळी तो कागद उचलून मी कीबोर्डच्या डावीकडून उजवीकडे ठेवायचे आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतले समास सरळ करत बसायचे. कागदाच्या कडा वळायला लागल्या होत्या. दीड महिन्यात पुस्तिका देखणी झाली आणि तोवर चौघांपैकी दोघांनी दुसऱ्या कुणाला तरी काम देऊन टाकलं होतं. त्या दीड महिन्यात मला कुणी आळशी म्हटलं असतं तर मी भांडले असते. मी रात्री नऊपर्यंत काम करत होते!

तुम्ही 'आत्मविश्वास' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला आहे. तो जरा उकलून बघू.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये स्वक्षमतेची, म्हणजे एखादं काम आपल्याला जमेल या विश्वासाची, कल्पना मांडली, तेव्हा एक फरक आवर्जून केला होता. 'हे काम मी करू शकेन' हा एक विश्वास, आणि 'हे केलं की फळ मिळेल' हा दुसरा. दोन्ही बरोबर असतीलच असं नाही. स्वक्षमता ते कामागणिक पाहत. माणसाला कोड लिहिण्याचा भरवसा असतो आणि पैसे मागण्याचा नसतो. एखाद्याला व्यासपीठावर बोलण्याचा असतो आणि कामावरून कुणाला कमी करण्याचा नसतो.

या नजरेने तुमचं पहिलं वर्ष पाहा. विश्वास काडीचाही नव्हता, असं तुम्ही लिहिता. मला ते पटत नाही. धंदा चालेल की नाही याची धास्ती होती, आणि ती असायलाच हवी होती. पण दवाखान्याला फोन लावला तर समोरच्याचं गाऱ्हाणं समजेल आणि आठवड्यात आपण ते दुरुस्त करू शकू, एवढा भरवसा तुमच्यापाशी नक्की होता. नसता तर चौदा तास कुणी राबत नाही. फळाची शंका आणि कामाचा भरवसा, ही जोडी तुम्हाला ओढत होती. श्रेय मात्र तुम्ही सगळं भीतीला देऊन टाकलंत.

भीतीने काम होतच नाही, असं मी म्हणणार नाही. २००९ मध्ये फू, उय आणि बॅरन या अभ्यासकांनी ४६ उद्योजकांकडून २४ दिवस, दिवसातून दोनदा, मोबाइलवर मनःस्थितीची आणि कामाची नोंद घेतली. मन खट्टू किंवा चिंतेत असताना लोकांनी समोर येऊन ठाकलेल्या तातडीच्या कामांवर जास्त जोर लावला. मन प्रसन्न असताना मात्र त्या घडीला कुणी मागितलेलं नव्हतं, पण पुढे उपयोगी पडेल, असं काम जास्त झालं. नव्या ग्राहकाला फोन करणं हे दुसऱ्या जातीचं काम आहे. तो आज केला नाही तर आज काहीच बिघडत नाही. म्हणून भीतीच्या जोरावर तक्रारी निस्तरता येतात, पण नवी दारं ठोठावायला ती सहसा पुरत नाही. पहिल्या वर्षीची भीती पुन्हा अंगात आणावी, असा विचार तुमच्या मनात येत असेल तर तो सोडून द्या.

आता तिसरं वर्ष. 'आळशी झाले' हा शब्द तुम्ही स्वतःला लावून घेतला आहे. तोही मला मान्य नाही.

जेफ्री व्हँकुव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मास्टरमाइंड हा रंगांचा लपवलेला क्रम तर्काने ओळखायचा खेळ घेऊन प्रयोग केले आणि ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास वाढवला गेला की पुढच्या डावांत माणसांची कामगिरी घसरायची. आपल्याला उत्तर कळलं असं वाटून ती पडताळणी कमी करायची आणि तर्काच्या चुका करायची. बांडुरा यांना हे मान्य नव्हतं. २००३ मध्ये त्यांनी एडविन लॉक यांच्याबरोबर लेख लिहून त्याला उत्तर दिलं. वाद मोठा आहे, पण तुमच्यापुरता त्यातला धागा हा, की काम करण्यासाठी लागणारा भरवसा वेगळा आणि 'आता तपासायची गरज उरली नाही' हा भरवसा वेगळा. तिसऱ्या वर्षी तुम्हाला या दुसऱ्या भरवशाने गाठलं. ग्राहक खूश आहे हे तुम्ही धरून चाललात, कारण तोवरच्या प्रत्येक फोनवर तो खूश होता. फोन थांबल्यावर मात्र ते धरून चालायला आधार काहीच उरला नव्हता.

यात तुम्ही एकट्या नाही. १९८८ मध्ये कूपर, वू आणि डंकेलबर्ग यांनी जवळपास ३,००० नव्या उद्योजकांना त्यांच्या यशाची शक्यता विचारली होती. ८१ टक्क्यांनी ती दहापैकी सात किंवा अधिक सांगितली आणि ३३ टक्क्यांनी चक्क दहापैकी दहा. आपल्यासारख्याच दुसऱ्या धंद्यांबद्दल विचारल्यावर हीच माणसं बरीच सावध झाली. धंद्यात उडी मारायला असा भरवसा कामी येत असेल. उडी मारून झाल्यावर तोच भरवसा डोळ्यांवर येतो.

आणि गेले आठ महिने? मोठा ग्राहक गेला तेव्हा तुम्हाला एक बातमी मिळाली : अनेक महिने विचारपूस केली नाही तर मोठा ग्राहक जाऊ शकतो. तुम्ही तिचा अर्थ लावलात : मला हा धंदा जमत नाही. त्या ग्राहकाच्या जाण्याची कारणं तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेली नाहीत. तुम्हाला ती माहीत नाहीत, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर कळवा. पण अंदाज खरा असेल, तर ज्या घटनेने तुमचा धीर खचला त्या घटनेबद्दल तुम्ही अजून एकही प्रश्न विचारलेला नाही.

'तो परत येईपर्यंत मी करू काय?' या प्रश्नातलं 'येईपर्यंत' हेच मला काढून टाकायचं आहे. आत्मविश्वास आधी आणि काम मागाहून, हा क्रम तुम्ही मनाशी ठरवून टाकला आहे. बांडुरा यांनी स्वक्षमतेचे चार स्रोत सांगितले : स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि शरीर-मनाची अवस्था. यांत पहिला सर्वांत बळकट, आणि तो काम केल्यावरच हाती येतो. रिंग जायच्या आत बंद केलेला प्रत्येक फोन मनात 'जमलं नाही' अशी नोंद होऊन बसतो. समोरून नकार आला असता तर निदान फोन केल्याची नोंद झाली असती.

म्हणून सुरुवात नव्या दवाखान्यांपासून करू नका. जे आज तुमचं सॉफ्टवेअर वापरताहेत त्यांना फोन करा, विकायला काहीही न घेता. 'गेल्या महिन्यात कुठे अडलं?' एवढंच विचारा. हे काम तुम्हाला येतं, पहिल्या वर्षी तुम्ही ते दर आठवड्याला करत होता. दिवसाला दोन फोन, दोन आठवडे. मोजायचं ते फोन केले किती, समोरचा काय म्हणाला यावर गुण द्यायचे नाहीत. फोनची वेळही आधीच बांधून टाका. अमुक घडलं की लगेच तमुक करायचं, असा ठोस बेत केला की ठरवलेलं प्रत्यक्षात उतरायची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर यांच्या कामातून पुढे आलेलं आहे. संगणक सुरू केला की मेल उघडण्याआधी पहिला फोन. लॉगिनच्या पानाची फाइल दुसरा फोन होईपर्यंत बंद.

त्यानंतर गेलेल्या ग्राहकाकडे वळा. त्याला परत आणायचा हेतू मनातून काढून टाका, म्हणजे बोलणं सोपं जाईल. 'तुम्ही निर्णय बदलावा म्हणून फोन केलेला नाही. आमचं कुठे चुकलं ते समजून घ्यायचं आहे, दहा मिनिटं द्याल का?' हे वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा आणि वाचून म्हणा, त्यात कमीपणा नाही. कदाचित ते म्हणतील, तुमचा प्रतिसाद मंदावला होता. कदाचित म्हणतील, आमच्या सगळ्या शाखांचे हिशेब एकत्र दाखवणारं काही हवं होतं आणि ते तुमच्याकडे नव्हतं. ही दोन उत्तरं सारखी नाहीत. पहिल्यात तुमच्या कामाची सवय सुधारावी लागते, दुसऱ्यात सॉफ्टवेअर, आणि तुमच्या लायकीचा निकाल दोन्हींत कुठेच नाही. तिसरी शक्यताही आहे, की ते बोलायलाच नकार देतील. तसं झालं तर ते प्रकरण तिथेच मिटवा आणि दुसऱ्या दिवशी नव्या दवाखान्यांची यादी घ्या.

फोन लावताना छातीत धडधडेल, घसा कोरडा पडेल. त्याचा अर्थ 'माझ्याने होणार नाही' असा लावायची मनाला सवय झाली आहे. कठीण काम हातात घेतलं की शरीर असंच जागं होतं. पहिल्या वर्षीही धडधडत असणार, तेव्हा तुम्ही तिकडे लक्ष दिलं नाहीत, एवढंच. मात्र झोप उडाली असेल, फोनच काय, कशातच मन लागत नसेल आणि असे कित्येक आठवडे गेले असतील, तर हा प्रश्न धंद्याच्या सल्ल्याचा राहत नाही. मग डॉक्टरांना भेटा, आणि ते लांबणीवर टाकू नका.

तुमच्यासारखे अडकलेले इतरही वाचक असतील. त्यांना आणि तुम्हाला एक कागद करायला सांगते. आपल्या धंद्यातली कामं एकाखाली एक लिहा, अगदी बारीक करून : नव्या ग्राहकाला पहिला फोन, दर सांगणं, थकलेले पैसे मागणं, नवीन सोय बनवणं, तक्रार ऐकणं. प्रत्येकासमोर दोन आकडे. हे मला जमतं याची खात्री दहापैकी किती, आणि गेल्या आठवड्यात त्याला दिलेले तास किती. ज्यांच्याबरोबर मी हे केलं, त्यांच्या कागदावर दोन्ही रकाने बहुतेक वेळा हातात हात घालून चाललेले दिसले. मग तिसरा आकडा मांडायचा : धंद्याला आत्ता या कामाची गरज दहापैकी किती. गरज नऊ, खात्री तीन आणि तास शून्य अशी ओळ दिसली की तिथेच पाणी मुरतंय. गरज नऊ, खात्री दहा आणि तास शून्य अशी ओळ दिसली तर तीही तितकीच धोक्याची. तिसऱ्या वर्षी तुमची जुन्या ग्राहकांची ओळ अशी दिसली असती.

हे लिहिताना मला जाणवतं, की आत्मविश्वास किती हवा या तुमच्या प्रश्नाला एक आकडा देताच येत नाही. काम हाती घेताना तो भरपूर हवा. केलेलं काम तपासताना थोडी शंका हवी. आणि जे काम चुकवून चालणारच नाही ते दोन्हींच्या हवाली करू नये. जुन्या ग्राहकांना महिन्यातून एक फोन हा तुमच्या कंपनीचा नियम असू द्या. मन भरवशाने भरलेलं असेल तरी फोन, मन खचलं असेल तरी फोन. विश्वास परत येईल, आणि तेव्हा हा नियम आता अनावश्यक आहे असं तुम्हाला मनापासून वाटेल. त्या दिवशी तो मोडू नका.

कंपनी बंद करण्याबद्दल. ते कधीच करू नये, असं मी म्हणणार नाही. चिकाटीच्या नावाखाली वर्षानुवर्षं तोटा ओढणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. पण 'मला जमतं का' आणि 'हे करण्यासारखं आहे का' हे दोन प्रश्न तुम्ही एकत्र गुंडाळले आहेत. पहिल्याचं उत्तर आज तुम्ही नाही असंच देणार. दुसऱ्याचं उत्तर भावनेत नाही, आकड्यांत आहे : उरलेल्या दवाखान्यांपैकी किती मुदत संपल्यावर पुन्हा पैसे भरतात, मोठा ग्राहक वगळून महिन्याचा खर्च निघतो का, हाताशी किती महिन्यांचे पैसे आहेत. तीन महिन्यांनंतरची एक तारीख ठरवा. त्या तारखेला कोणता आकडा कुठे असेल तर चालू ठेवायचं आणि कुठे असेल तर थांबायचं, हे आजच लिहून ठेवा. फोन न करताच तीन महिने घालवले तर मात्र ते आकडे धंद्याबद्दल काहीच सांगणार नाहीत.

राहिला भागीदार. 'सगळं नीट होईल' हे तो मायेने म्हणतो, यात मला शंका नाही. पण गाब्रिएले ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांबद्दल दाखवलं, की नोकरी मिळेल अशी साधार अपेक्षा बाळगणाऱ्यांचं पुढे चांगलं झालं, आणि मिळाल्याची गोड चित्रं रंगवत बसणाऱ्यांनी अर्जच कमी केले. शिवाय काही माणसं मुळात काय काय बिघडेल याचा विचार करून तयारी करणारी असतात. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये अशा माणसांना 'तुमचं छान होईल' असा धीर देऊन पाहिला, तर त्यांची कामगिरी उलट खालावली. तुमच्या पहिल्या वर्षाचं वर्णन वाचून तुम्ही त्यांतल्या असाव्यात, असं मला वाटतं.

त्यामुळे त्याच्याकडून धीर मागू नका, काम मागा. पण त्यासाठी आधी त्याला सांगावं लागेल. महिनाभरात एकही नवा फोन झालेला नाही, ही गोष्ट त्याच्याही कंपनीबद्दलची आहे आणि ती जाणून घेण्याचा त्याला हक्क आहे. याच आठवड्यात सांगा. हे पत्र दाखवूनही सांगता येईल. मग त्याला म्हणा, की सकाळचे दोन फोन होईपर्यंत माझ्या खोलीत येऊन बस. त्याने काही बोलायचं नाही, स्वतःचे हिशेब करत बसलं तरी चालेल. तुम्ही नंबर लावाल आणि रिंग जाईल, तेव्हा खोलीत आणखी एक माणूस असेल.